कोळंबीच्या तळ्याचे पाणी गर्द हिरवे झाले, मोरचूद टाकू का?

प्रश्न (गुहागर): खाडीकाठी २० गुंठ्यांचे तळे आहे, व्हेनामी जातीची कोळंबी ७० दिवसांची. पाणी गर्द हिरवे झाले असून पहाटे कोळंबी काठाला येते. सुपारीच्या फवारणीसाठी आणलेले मोरचूद घरात आहे, ते टाकले तर शेवाळ मरेल का?

प्रश्न (देवगड): पहिल्या मोठ्या पावसानंतर हिरवे पाणी एका रात्रीत निवळले, कडेला फेस आला. हे चांगले लक्षण का?

उत्तर: शेवाळ मरेल, आणि त्यामागोमाग कोळंबीही. मोरचूद टाकू नका. पाण्याला हिरवा रंग देतात ते वनस्पती प्लवक, म्हणजे तरंगणारी सूक्ष्म शैवाले. दिवसा तळ्यातला बराचसा प्राणवायू तीच तयार करतात, कोळंबीने सोडलेला अमोनियाही शोषतात. अडचण रात्रीची. ऊन गेले की तीही प्राणवायू ओढू लागतात, म्हणून उजाडण्याआधी तो सर्वांत कमी असतो. सगळी एकदम मेली तर कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो, अमोनिया वाढतो. शिवाय मोरचुदातले तांबे कोळंबीला बाधते ते वेगळेच.

आधी मोजा. २० सेंमी व्यासाची थाळी चार भागांत काळी-पांढरी रंगवून, वजन लावून, भर उन्हात दोरीने पाण्यात सोडा. ती ३० ते ४० सेंमीवर दिसेनाशी व्हावी. २५ च्या आतच नाहीशी झाली तर प्लवक जास्त झाले. प्राणवायू पहाटे पाचला, तळाजवळ मोजा. लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली नको. पीएच सकाळी सहा आणि दुपारी तीन असा दोनदा बघा. दुपारी तो ९ वर गेला तर अमोनियाचा विषारी भाग पीएच ८ च्या मानाने कितीतरी पट वाढतो, त्यामुळे एकट्या सकाळच्या आकड्यावर विसंबू नका.

हिरवेपणाचे मूळ खाद्याच्या पोत्यात आहे. खाद्यातल्या नत्राचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा कोळंबीच्या अंगी लागतो, बाकीचे प्लवकांना खत. म्हणून तीन-चार दिवस खाद्य ३० टक्के कमी करा आणि चेक ट्रे (खाद्य किती उरले ते बघायला पाण्यात ठेवलेले ताट) दोन तासांनी उचलून बघा. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) रात्री दहापासून ऊन चढेपर्यंत चालू ठेवा, मळभ असेल तर दिवसाही. साधारण ४०० ते ५०० किलो कोळंबीमागे १ अश्वशक्ती धरा. तळाचे पाणी दिवसाला १० ते १५ टक्केच बदला. एकदम जास्त बदललेत तर प्लवक कोसळतात. नवे पाणी उधाणाच्या भरतीला, बारीक जाळीतून गाळून घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खाडीच्या तोंडाशी लाकडाच्या भुशासारखा तपकिरी तवंग दिसला तर ती भरती सोडून द्या. तो ट्रायकोडेस्मियम, म्हणजे समुद्रातले एक नील-हरित शैवाल असते.

रंगही बघत जा. फिकट तपकिरी पाणी बहुधा डायटम या सूक्ष्म शैवालाचे, ते उत्तम. वाऱ्याच्या दिशेच्या कोपऱ्यात रंग सांडल्यासारखी निळसर साय जमली तर नील-हरित शैवाल. त्याने कोळंबीला मातकट वास लागतो. ती साय रोज कापडाने काढा.

देवगडचे पाणी निवळले नाही, कोसळले. पावसाचे गोडे पाणी हलके, म्हणून वर थर धरते. क्षारता आणि पीएच एकदम उतरून प्लवक मरतात, खाली खाऱ्या थरात प्राणवायू संपतो. त्या दिवशी खाद्य बंद. उघाडीच्या (तळ्यातले पाणी सोडायच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून वरचे पाणी सोडा आणि एरेटर अखंड चालवा. गुंठ्याला १ ते २ किलो शेतीचा चुना (चुनखडीची भुकटी; कळीचा किंवा विरलेला नव्हे) पाण्यात कालवून संध्याकाळी टाका. पुढच्या वेळी पावसाआधीच बांधाच्या उतारावर चुना पसरा, कारण जांभ्या मातीवरून येणारे पाणी आम्लधर्मी असते.

रंग परत आणायला दुसऱ्याच्या तळ्याचे हिरवे पाणी विरजण म्हणून आणू नका. पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू त्याच बादलीतून येऊ शकतो. स्वतःच्याच निरोगी तळ्याचे असेल तर चालेल.