शायर आणि शाहीर

प्रश्न असा आला आहे : "'शाहीर' हा शब्द 'शाही'वरून आला का? राजदरबारी पोवाडे गाणारा तो शाहीर, असं ऐकलं होतं. आणि 'शायर'शी त्याचं काही नातं आहे का?"

नातं म्हणण्यापेक्षा, दोन्ही एकच शब्द आहेत. 'शाही' फारसी 'शाह'पासून, म्हणजे राजाचा. त्यातून 'शाहीर' काढायचा तर शेवटच्या 'र'चा हिशेब लागत नाही. मूळ शब्द अरबी 'शाइर'. त्यात 'शा' आणि 'इ' यांच्यामध्ये 'ऐन' हे अक्षर आहे, घशातून खोल उच्चारायचं. आपल्या जिभेला ते नाही. ते गळालं की दोन स्वर एकमेकांना भिडतात, आणि मग मधली फट कशानं तरी बुजवावी लागते. 'कायदा'मध्ये ती 'य'नं बुजली, 'सुरुवात'मध्ये 'व'नं, 'शाहीर'मध्ये 'ह'नं. तिन्ही शब्दांत त्या जागी मुळात ऐनच होतं. उर्दू-हिंदीच्या वाटेनं तोच शब्द पुन्हा आला तेव्हा 'य' घेऊन आला : शायर.

अर्थ मला फार आवडतो. शाइर म्हणजे ज्याला जाणवतं तो, जाणणारा. हिंदीतला 'शऊर' याच धातूचा, 'मुशायरा'ही. इस्लामपूर्व अरबस्तानात कवीला जिन्न कविता सुचवतात अशी समजूत होती. इतरांना न कळणारं त्याला कळतं, म्हणून तो शाइर. कुराणाच्या 26व्या अध्यायाचं नावच 'अश्-शुअरा', म्हणजे कवी.

'शेर' याच कुळातला. पण अरबीत त्याचा अर्थ दोन ओळी नव्हे, सगळं काव्यच. दोन भागांच्या एका चरणसमूहाला तिथे 'बैत' म्हणतात, म्हणजे घर किंवा तंबू, आणि त्याचा अर्धा भाग 'मिसरा', म्हणजे दाराचं एक कवाड. दोन कवाडं मिळाली की घर. उर्दूनं या दोन ओळींनाच 'शेर' म्हटलं आणि आपण गझलेबरोबर तोच अर्थ घेतला. (वाघ-सिंहाचा शेर फारसी, 'शेरास सव्वाशेर'मधला शेर वजनाचा. त्यांचा इथे संबंध नाही.) स्वाहिलीत 'शाइरी' म्हणजे कविता. मलयमध्ये 'स्याइर' हा चार ओळींच्या कडव्यांचा काव्यप्रकार, चारही ओळींना एकच यमक. तुर्कीत 'शिइर' म्हणजे काव्य, 'शाइर' म्हणजे कवी.

मराठीत मात्र या शब्दाच्या हाती डफ आला. आपला शाहीर कागदावर लिहून थांबत नाही, तो फडात उभा राहतो. सोलापूरचे राम जोशी संस्कृत जाणणारे, सगनभाऊ मुसलमान, होनाजी गवळी, आणि होनाजी-बाळा या जोडनावातला होनाजी रचणारा तर बाळा गाणारा. रचना आणि गाणं एकमेकांपासून तुटत नाहीत, ते या जोडनावातच दिसतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे शाहीर होते ते याच अर्थानं. त्यांच्यामागे कुठलंही दरबारी शाहीपण नव्हतं. उलट यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर मराठीतच लिहीत, तरी लोकांनी त्यांना शायर म्हटलं, कारण त्यांचे शेर मैफलीतले. सुरेश भटांना कुणी शाहीर म्हणत नाही. एकच शब्द भाषेनं दोनदा घेतला आणि दोन्ही वेळा त्याला वेगळं काम दिलं. म्हणून 'शाहीर हे शायरचं अशुद्ध रूप' असं कुणी म्हटलं तर मानू नका.

लिहिताना एवढं सांभाळा : 'शाहीर'मध्ये ही दीर्घ, पण 'शाहिराने', 'शाहिरी' यांत ऱ्हस्व, अगदी 'वकील-वकिलाला'सारखं.