वितळलेलं ॲल्युमिनियम कढई कसं खातं?

प्रश्न : एमएसच्या (साध्या पोलादाच्या) कढईत आम्ही ॲल्युमिनियम वितळवतो. ढवळायचा नवा गज सुरुवातीला कोरडा निघतो, मग बारीक होत जातो. कढईला रसाच्या पातळीजवळ भोकं पडतात. स्टेनलेसची कढई घ्यावी का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : स्टेनलेसवर पैसे घालू नका. त्यातलं निकेलही रसात विरघळतं आणि क्रोमियम मालात जातं.

गज कोरडा निघतो याचं श्रेय पोलादाचं नाही. रसावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची पातळ साय असते, गजावरही ऑक्साइड असतो. त्यामुळे धातूला धातू टेकत नाही. ढवळताना साय फाटते, फ्लक्स (मळी सुटावी म्हणून टाकतात ती क्षारांची पूड) उरलेलं काम करतो. एकदा रस पोलादाला धरला की काही मिनिटांत मधे ठिसूळ संयुगाचा थर तयार होतो (दोन अणू लोखंड, पाच ॲल्युमिनियम). तो पोलादात घुसतो आणि बाहेरून रसात विरघळत राहतो. 700 अंशांना शुद्ध ॲल्युमिनियम 2 टक्क्यांहून थोडं अधिक लोखंड पोटात घेऊ शकतं, म्हणजे 100 किलो रसात 2 किलो कढई! गोठल्यावर त्यातलं जेमतेम 0.05 टक्के विरघळलेलं राहतं. उरलेल्याचे कडक, ठिसूळ स्फटिक बनतात आणि माल तडकतो. रसाचा प्रत्येक नवा घाणा पुन्हा तितकाच भुकेला. सिलिकॉनच्या मिश्रधातूत हा संयुगाचा थर पातळ राहतो, पण थांबत नाही.

पातळीजवळ भोकं पडतात, कारण रसावरची मळी काढताना कढईच्या तिथल्याच भागावरचा संरक्षक लेप खरवडला जातो.

वितळवायला क्ले-ग्रॅफाइटची मूस घ्या. पळी, गज, झारा पोलादी चालतील, पण लेप हवाच. एक लिटर पाण्यात पाऊण किलो खडूची पूड आणि सुमारे 25 ग्रॅम वॉटर ग्लास (सोडियम सिलिकेट) कालवा. हत्यार तारेच्या ब्रशनं घासून, हाताला चटका बसेल इतकं तापवून दोन-तीन पातळ हात द्या. जाड हात पापुद्र्यासारखा सुटतो. रोज पाळी सुरू होण्याआधी लेप तपासा. रसात बुडवण्यापूर्वी हत्यार पूर्ण सुकवून गरम करा. ओलाव्यानं रस उडतो. गंजाचे पापुद्रे तर रसात पडूच देऊ नका, ॲल्युमिनियम त्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि प्रचंड उष्णता सुटते.

प्रश्न : डायला (पोलादी साच्याला) चिकटलेलं ॲल्युमिनियम छिन्नीनं काढलं तर डाय खराब होते. दुसरा उपाय?

उत्तर : कोमट 10 टक्के कास्टिक सोड्यात बुडवा, ॲल्युमिनियम विरघळतं, पोलाद राहतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून उघड्या हवेत करा, ज्योत लांब ठेवा, गॉगल आणि रबरी हातमोजे घाला. खाली उरलेला करडा थर पॉलिशच्या दगडानं घासा. पुन्हा चिकटू नये म्हणून प्रेशर डायकास्टिंगच्या (दाबानं डायमध्ये रस भरून ओतकाम करायच्या) मिश्रधातूत लोखंड मुद्दाम 1 टक्क्याच्या आसपास ठेवतात. मग रसाला डायमधलं लोखंड ओढायची फारशी गरज उरत नाही.