काळ्या दगडाला तांबूस साल कशी?

प्रश्न: आमच्याकडे सोलापूरजवळ विहिरीतून निघालेला दगड आतून काळाभोर पण वरून तांबूस, असं का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: अहो हा आपला बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, त्यात पायरॉक्सिन नावाचं लोह आणि मॅग्नेशियमवालं खनिज भरपूर असतं, शिवाय मॅग्नेटाइट या लोहचुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाचे बारीक कण, म्हणून तो काळा आणि हाताला जड लागतो. वरच्या लोहाला हवा-पाणी लागून गंज चढतो, तीच तांबूस साल. ताजा तुकडा कुटून चुरा करा, त्यात लोहचुंबक फिरवा, काळे कण चिकटलेले दिसतील, मुलांना नक्की दाखवा. भुईकोट किल्ल्याचा दगड मात्र फोडू नका हं! आणि आपली काळी कसदार माती, तीही याच दगडाची झीज होऊन झालेली.