विचारा, सांगतो : वरच्या डेकवरून

गेल्या अंकात बेस्टच्या डबल डेकरवरच्या नोकरीबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती बसची नाहीतच. दगडातल्या माणसांची, माकडांची, घोड्यांची. चूक माझीच. ‘वरच्या डेकवर तिकीट फाडताना इमारतींवरची चित्रं नाकासमोर यायची’ असं एक वाक्य मी लिहून बसलो होतो. मी इतिहासाचा माणूस नाही. चौतीस वर्षं कंडक्टर होतो, त्यातली बरीच वर्षं वरच्या डेकवर. डबल डेकरला दोन कंडक्टर असत, एक खाली, एक वर. खालच्याला गर्दी दिसायची, मला मुंबई.

मास्तर, काळा घोडा नावाच्या चौकात घोडा आहे, पण त्यावर बसलेला माणूस कुठाय? माझा सात वर्षांचा नातू विचारतोय. (एक आजी, डोंबिवली)

आजी, नातवाला सांगा की आधी तिथे माणूसही होता आणि घोडाही. मग दोघं गेले, आणि पुन्हा आला तो एकटा घोडा.

इंग्लंडचा युवराज, पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला तो, १८७५ साली मुंबईत आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी बोह्म नावाच्या शिल्पकाराकडून त्याचा घोड्यावरचा पुतळा करवून घेतला. १८७९ मध्ये तो उभा राहिला. काशाचा पुतळा, रंग काळपट. मुंबईकरांनी राजाकडे साफ दुर्लक्ष केलं आणि नाव ठेवलं घोड्याचं. १९६५ साली पुतळा तिथून हलवला, आता तो भायखळ्याला राणीबागेत आहे. घोडा गेला तरी नाव हललं नाही. मी नोकरीला लागलो १९७४ साली, म्हणजे नसलेल्या घोड्याच्या नावाने जन्मभर ‘काळा घोडाऽऽ, उतरा’ ओरडलो. एकदा एका पोराने खाली उतरून चारी दिशांना पाहिलं आणि माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी काही मी त्याची चिल्लर ढापली.

आत्ताचा घोडा २०१७ चा. आराखडा वास्तुविशारद अल्फाज मिलर यांचा, घडवला श्रीहरी भोसले यांनी. पाठीवर मुद्दामच कोणी बसवलेलं नाही. मला विचाराल तर ते बरं झालं. नाहीतर कोणाला बसवायचं यावर अजून सभा चालू असत्या.

व्हीटी स्टेशनवरची माकडं, मोर, पानंफुलं हे सगळं लॉकवुड किपलिंग यांचं काम ना? एका गाइडने सांगितलं. (वाचक, सांगली)

गाइडची गल्लत झाली, आणि ती पुष्कळांची होते. किपलिंग जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला १८६५ साली आले हे खरं. पण १८७५ मध्ये ते लाहोरला गेले, आणि स्टेशनाचं बांधकाम सुरू झालं १८७८ ला. तोवर शाळेची सूत्रं जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे होती. स्टेशनावरचं कोरीव काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी केलं ते त्यांच्या काळात. किपलिंग यांचा हात बघायचा तर पलीकडे क्रॉफर्ड मार्केटला जा. प्रवेशद्वाराच्या कमानींवर शेतकऱ्यांची, बाजाराची माणसं कोरलीत ती त्यांची, १८६९ च्या आसपासची. खालून बघताना मान मोडते आणि मागून हातगाडीवाला शिव्या देतो. माझ्या खिडकीतून त्यांच्या नि माझ्या नजरेत फार उंचीचा फरक नसायचा.

स्टेशनाचं म्हणाल तर फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. घुमटावर मशाल उंचावून उभी आहे ती बाई म्हणजे ‘प्रगती’. दर्शनी भागावर गोल चौकटींमधून रेल्वे कंपनीच्या साहेबांचे चेहरे आहेत आणि त्यांच्यातच आपले नाना शंकरशेटही आहेत. घड्याळाखालचा कोनाडा मात्र रिकामा. तिथे व्हिक्टोरिया राणी होती.

आणखी एक, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. फोर्टात महात्मा गांधी रोडवर न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३६ ची इमारत आहे. तिच्या दर्शनी भागावर नारायण गणेश पानसरे यांनी घडवलेली कष्टकरी माणसं आहेत, भिंतीएवढी उंच. व्हीटीची गर्दी बघून दमलात की यांच्यासमोर येऊन उभे राहा.

आमच्या आजोबांच्या दुकानाजवळ, काळबादेवीला, फुटपाथमध्ये रुतलेला एक काळा दगड आहे. वर रोमन आकडा. कोणी त्याला थडगं म्हणतं, कोणी देव. ऑइल पेंटही लावलाय. (वाचक, ठाणे)

थडगंही नाही, देवही नाही. तो मैलाचा दगड आहे. इंग्रजांनी सेंट थॉमस चर्चपासून अंतर मोजून असे बेसॉल्टचे दगड रस्त्यांवर रोवले होते. किल्ल्याच्या तटाचा एक दरवाजा या चर्चकडे जायचा, म्हणून चर्चगेट. तट १८६० च्या दशकात पाडला, पण गाड्या अजून चर्चगेटलाच जातात. चर्च १७१८ सालचं, आजच्या हॉर्निमन सर्कलशेजारी. दगडांवर ‘चर्च’ असं कोरलंय. चर्चला कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा मान मिळाला १८३७ ला, तेव्हा दगड त्याआधीचे असावेत, हा माझा कंडक्टरी हिशेब.

दगड रुतले कशाने, तर आपण रस्त्यावर रस्ता चढवत गेलो. डांबराचा थर, फुटपाथचा थर, वर लाद्या. मूळचा कमरेएवढा दगड घोट्यापर्यंत उरला. गेल्या काही वर्षांत काही दगड खणून, साफ करून पुन्हा उभे केलेत. मला या दगडांचं अप्रूप याचसाठी, की आमची फेअर स्टेज, म्हणजे अंतरावरून भाडं ठरवायचे टप्पे, याच हिशेबाची. दगडावर अंतर आपसूक कोरून ठेवलं होतं, मला मात्र ते नोकरी लागल्यावर पाठ करावं लागलं.

तुमच्या दगडाला ऑइल पेंट लावलाय असं लिहिलंत. कृपा करून तो खरवडायला जाऊ नका. अक्षरं आधीच झिजलेली आहेत, उरलेलीही रंगाबरोबर निघतील.

हायकोर्टात डोळा बांधलेलं माकड न्याय करतंय, खरं का? (वाचक, नाशिक)

आहे. हातात तराजू आणि एकाच डोळ्यावर पट्टी. म्हणजे एका डोळ्याने बघून घेतंय. कोर्टाची इमारत १८७८ ची, कर्नल फुलर यांची. एका ठेकेदाराने खटला हरल्याच्या रागाने ते कोरून घेतलं अशी गोष्ट सांगतात. माकड खरं, गोष्ट ऐकीव. बसमधून ते कधी दिसलं नाही, कारण ते आतल्या खांबावर आहे.

हे सगळं बघायला एक दिवस पुरेल का? (वाचक, पुणे)

दुपारच्या उन्हात नको, सकाळी लवकर या. ऊन तिरपं पडलं की कोरलेले डोळे नि हात उठून दिसतात. १९३७ पासून धावणाऱ्या जुन्या डबल डेकर २०२३ मध्ये थांबल्या. आता विजेवर चालणाऱ्या, गारेगार आल्यात. खिडकीतून हात बाहेर काढता येत नाही, पण उंची तीच आहे. वर पुढची सीट रिकामी नसेल तर ती बस सोडा, पुढची घ्या.