वाचकांचे प्रश्न : सूर्य-वाऱ्यावर जग चालेल का?

प्रश्न : जगाची ऊर्जेची गरज अफाट आहे. तेवढी सौर पॅनेल लावायला जागा तरी पुरेल का?

उत्तर : पुरेल. जगात वर्षाला साधारण ३०,००० टेरावॉट-तास वीज तयार होते (१ टेरावॉट-तास म्हणजे १०० कोटी युनिट). चांगल्या उन्हाच्या जागी १ मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला १७ लाख युनिटच्या आसपास देतो आणि सुमारे २ हेक्टर जमीन घेतो. भागाकार केला की साडेतीन लाख चौरस किलोमीटर येतात, म्हणजे पृथ्वीवरच्या जमिनीचा पाव टक्का. अर्थात हे फक्त विजेचं झालं, आणि वीज म्हणजे ग्राहकापर्यंत पोचणाऱ्या एकूण ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा. पण म्हणून आकडा पाचपट करायचं कारण नाही. पेट्रोलमधल्या ऊर्जेचे १०० पैकी २०-२५ भागच चाकापर्यंत जातात, बाकीची उष्णता होते. विजेच्या गाडीत सॉकेटमधून घेतलेल्यापैकी ७५-८० भाग पोचतात. अडचण जागेची नाहीच, वेळेची आहे : वीज हवी तेव्हा ऊन असेलच असं नाही.

प्रश्न : मग बॅटऱ्या बसवल्या की काम झालं ना?

उत्तर : रात्रीपुरतं झालं. दिवसरात्र सारखी १०० मेगावॉट वीज लागणारी वस्ती घ्या. सौर प्रकल्प सरासरी क्षमतेच्या २० टक्केच चालतो, म्हणून पॅनेल ५०० मेगावॉटची हवीत. साठवणीतली घट धरून ५५० लावा. पंधरा तास बॅटरीवर काढायचे तर १,५०० मेगावॉट-तास लागतात. बॅटरी तळापर्यंत रिकामी करत नाहीत, म्हणून प्रत्यक्षात १,८०० बसवायची. इथपर्यंत सगळं व्यवहार्य आहे.

आता सलग तीन दिवस दाट ढग येऊन उत्पादन चौथ्या हिश्श्यावर आलं असं धरा. रोजची गरज २,४०० मेगावॉट-तास, मिळतात ६६०. तीन दिवसांची तूट ५,००० च्या वर जाते, म्हणजे बॅटरी जवळजवळ साडेतीनपट करावी लागेल. रोज भरणारी-रिकामी होणारी बॅटरी वर्षात ३६५ वेळा कमावते. हा वाढीव भाग वर्षात मोजक्या वेळा कामाला येणार आणि उरलेले दिवस नुसता बसून राहणार. खर्चाचं गणित बिघडतं ते इथे. म्हणून दिवसांची तूट बॅटरीवर टाकत नाहीत. पॅनेल गरजेपेक्षा जास्त लावतात, जोडीला पवनचक्क्या घेतात, दूरच्या प्रदेशातून वीज आणतात (उच्चदाबाच्या दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी वाहिनीत १,००० किलोमीटरला साधारण ३ टक्केच घट होते), आणि डोंगर असतील तिथे उदंचन प्रकल्प बांधतात, म्हणजे जादा विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज काढायची. उदंचनात टाकलेल्या विजेपैकी ७० ते ८० टक्के परत मिळते. हायड्रोजन करून पुन्हा वीज केली तर एक तृतीयांशाच्या आसपासच हाती येते. ऋतूभराच्या साठवणीला तो मार्ग ठीक, रोजच्या वापराला नाही.

प्रश्न : काही देशांची वीज जवळपास १०० टक्के नवीकरणीय आहे. इतरांना का जमत नाही?

उत्तर : नॉर्वेकडे धरणं आहेत, आइसलँडकडे धरणं आणि भूगर्भातली उष्णता. ही वीज हवी तेव्हा काढता येते. ते भूगोलाचं देणं आहे, धोरणाची नक्कल करून मिळत नाही.

प्रश्न : पवनचक्क्या वाढल्या की ग्रिड कोसळतं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धवट खरं. दक्षिण ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर २०१६ ला वादळाने पारेषण मनोरे पडले आणि व्होल्टेज लागोपाठ खाली गेलं. असे झटके ठराविक वेळा बसले की बंद पडायचं, अशी सेटिंग अनेक पवनचक्क्यांच्या नियंत्रणात होती. त्या एकदम ग्रिडपासून सुटल्या, शेजारच्या राज्याकडून येणाऱ्या वाहिनीवर भार चढून तीही तुटली आणि राज्यभर अंधार झाला. नंतर ती सेटिंग बदलली.

मूळ प्रश्न मात्र उरतो. औष्णिक केंद्रातलं शेकडो टनांचं फिरतं जनित्र बिघाडानंतरचे पहिले काही सेकंद ग्रिडची फ्रिक्वेन्सी (विजेच्या लहरीचा वेग) सावरून धरतं. पॅनेलची वीज ग्रिडला चालेल अशी करून देणाऱ्या सौर इन्व्हर्टरला असं फिरतं वजन नसतं, आणि साधा इन्व्हर्टर ग्रिडच्या लहरीमागे चालतो; लहरच बिघडली की तोही गोंधळतो. उपाय दोन : स्वतः लहर उभी करणारे इन्व्हर्टर बॅटरीला जोडणं, आणि इंधनाविना नुसतं फिरत राहणारं सिंक्रोनस कंडेन्सर बसवणं. दोन्ही आज वापरात आहेत. नव्या प्रकल्पाच्या करारातच ही अट घालावी; मागाहून बसवायला गेलं की खर्चही वाढतो आणि वादही होतात.

प्रश्न : पोलाद आणि सिमेंटचं काय?

उत्तर : पोलादाचं जमेल, फक्त वीज फार लागेल. कोकऐवजी (कोळशापासून केलेलं इंधन) हायड्रोजनने लोहखनिजातला ऑक्सिजन काढायचा तर टनाला ५५ किलोच्या आसपास हायड्रोजन जातो. पाण्यापासून तो करायला किलोमागे ५० ते ५५ युनिट लागतात. विद्युत भट्टी धरून टनाला ३,५०० युनिटचा हिशेब ठेवा. सिमेंट अवघड आहे. भट्टी विजेवर नेली तरी चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. तिथे क्लिंकर (चुनखडी भाजून तयार होणारा सिमेंटचा मुख्य घटक) कमी करून भाजलेली चिकणमाती किंवा लोखंडाच्या झोत भट्टीतली धातुमळी (स्लॅग) मिसळावी लागते, आणि उरलेला वायू धुराड्यापाशीच पकडावा लागतो.