बंब तोटी उखडून पोहोचला आणि क्लेम नाकारला, त्याबद्दल सविस्तर

तुमची पोस्ट वाचली. नाशिकहून बंगळूरला पाठवलेला तांब्याचा बंब (न्हाणीघरात पाणी तापवायची जुनी टाकी) तोटी उखडून आणि एक पाय आत घुसून पोहोचला. गिऱ्हाइकाने पैसे परत मागितले, तुम्ही दिलेत, आणि आता कुरिअरचं कार्यालय म्हणतंय, ‘मूळ खरेदीचं बिल आणा, नाहीतर क्लेम बंद.’ मलाही एका कार्यालयाने अगदी याच शब्दांत परत पाठवलं होतं, म्हणून लिहायला बसले. वरती बऱ्याच जणांनी पॅकिंगवर लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. पण तुमचे पैसे अडकलेत ते कागदामुळे, म्हणून मी कागदाबद्दल जास्त लिहिणार आहे. चुंबक लावून पितळेचा मुलामा ओळखणं, मोडीच्या (भंगाराच्या) भावावरून खालची किंमत काढणं, बंबात रात्रभर पाणी भरून मधली नळी गळते का बघणं, एवढं तुम्हाला येतं असं धरते. आधीच सांगते, मी वकील नाही आणि सीएही नाही. रक्कम मोठी असेल तर त्यांच्याशी बोला.

ही कार्यालयं तीन पायऱ्यांनी नाकारतात. आधी ‘बिल नाही’, ते दिलं की ‘पॅकिंग अपुरं’, आणि त्यालाही उत्तर दिलं की ‘वस्तू अँटिक आहे, आमच्या नियमात बसत नाही’. प्रत्येक पायरीला पंधरा दिवस जातात, तोवर गिऱ्हाईक खोका रद्दीत देऊन मोकळं झालेलं असतं. ज्या घरात बंब पन्नास वर्षं न्हाणीघरात तापला, त्या घरात त्याचं बिल सापडेल अशी अपेक्षा कोणी कशी करू शकतं हे मला आजवर कळलेलं नाही. काउंटरवरच्या माणसाला नव्या मोबाइलचा क्लेम माहीत असतो, तोच साचा तो बंबाला लावतो. नियमावली उघडून बघा. बहुतेक ठिकाणी ‘मूल्याचा पुरावा’ असं लिहिलेलं असतं, दुकानाचं छापील बिलच हवं असं नसतं. त्यामुळे फोनवर वाद घालू नका. ईमेलवर एकच प्रश्न विचारा: कोणत्या कलमानुसार मूळ बिल बंधनकारक आहे? उत्तर लेखी घ्या.

आता तो पुरावा तयार कसा करायचा. वाडा पाडताना, चाळीच्या पुनर्विकासात किंवा एखाद्या घरातून थेट वस्तू घेताना जागेवरच खरेदीची पावती लिहून घ्यायची. साध्या पावतीपुस्तकावर चालते. त्यात तारीख, ठिकाण, देणाऱ्याचं नाव-पत्ता-फोन, वस्तूचं वर्णन, वजन, उंची, कोरलेलं नाव असेल तर ते जसंच्या तसं, आधीपासून असलेले पोचे, रक्कम अंकात आणि अक्षरात, आणि खाली ‘ही वस्तू माझ्या मालकीची असून मी ती स्वखुशीने विकली आहे’ हे वाक्य आणि सही. ‘जुना बंब, एक नग’ असं लिहिलेल्या पावतीला काही किंमत नाही. ‘तांब्याचा बंब, पितळी तोटी, वजन ७.४ किलो, झाकणासह, जाळी नाही, डाव्या कडीखाली पोचा’ असं लिहिलं तर तीच पावती फोटोशी जुळते आणि कोणी नाकारू शकत नाही. लटकवायचा डिजिटल काटा पिशवीत ठेवा. वजन नोंदलेलं असलं की वाद कितीही लांबला तरी निदान त्या दिवशीच्या मोडीच्या भावाइतकी किंमत सिद्ध करता येते.

भंगारवाला किंवा जुन्या बाजारातला विक्रेता सही देणार नाही, हे मान्य. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी गर्दीत पावतीपुस्तक काढलं तर भाव चढतो किंवा माणूस तोंड फिरवतो. मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी पहाटेही तेच. तिथे यूपीआयने पैसे द्या आणि शेऱ्यात लिहा: ‘तांब्याचा बंब ७.४ किलो’. त्याच ठिकाणी काट्यावर टांगलेल्या वस्तूचा फोटो काढा. सहीच्या पावतीइतकं हे भक्कम नाही, पण तारखेसह बँकेतली नोंद आहे आणि नंतर बनवलेला कागद नाही. रोखीने घासाघीस करून शंभर-दोनशे वाचवण्यापेक्षा ही नोंद मोलाची आहे, असं माझं ठाम मत आहे.

या पावतीचा आणखी एक उपयोग, तो क्लेमपेक्षाही महत्त्वाचा. देवळातल्या समया, घंटा, प्रभावळी चोरीला जाऊन याच वाटेने बाजारात येतात. चोरीचा माल आहे असं मानायला कारण असताना तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. समईवर ‘श्री अमुक देवस्थान’ असं ठोकलेलं दिसलं आणि विकणारा पावती द्यायला नाही म्हणाला, तर ती समई कितीही स्वस्त असो, खाली ठेवा.

तिसरी पायरी तुमच्या बाबतीत येणार, हे तुमची जाहिरात वाचून सांगते. शीर्षकात तुम्ही ‘१५० वर्षे जुना दुर्मिळ अँटिक बंब’ लिहिलंय. बहुतेक कुरिअर कंपन्यांच्या अटींत अँटिक आणि कलावस्तू वगळलेल्या असतात किंवा त्यांची भरपाई नाममात्र असते. कार्यालयाने तुमच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला की संपलं. ती आजच दुरुस्त करा, पण जुन्या मजकुराचा स्क्रीनशॉट जपा आणि विचारलं तर लपवू नका.

ही केवळ कुरिअरची अडचण नाही. पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७२ चा, अंमल ५ एप्रिल १९७६ पासून. त्यात कला-कारागिरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू किमान १०० वर्षं जुनी असेल तर ती पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाहीत. घरातलं प्रत्येक जुनं पातेलं या व्याख्येत येतं असं मी म्हणत नाही. पण ‘१५० वर्षे’ हे तुम्ही स्वतः लिहून दिलं, की ते खोटं असेल तर गिऱ्हाइकाची फसवणूक आणि खरं असेल तर परवान्याचा प्रश्न. दोन्हीकडून तुम्हीच अडकता. त्यापेक्षा ‘वापरलेला जुना तांब्याचा बंब’ लिहा आणि काळ सांगायचाच तर वस्तूवर जे दिसतं तेवढंच सांगा.

आणि वस्तूवर खूप काही दिसतं. आपल्याकडे भांड्यांवर ठिपक्यांनी नाव ठोकायची पद्धत होती. काठाखाली तिरपा उजेड पाडून बघा. ‘शके १८४२’ दिसलं तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १९२०. माघ-फाल्गुन लिहिलं असेल तर १९२१. गुजराती-मारवाडी घरातल्या भांड्यावर संवत असेल तर ५७ वजा करा, तिथेही काही महिन्यांत एकाचा फरक पडतो. माहेरचं नाव, गाव, लग्नाची तारीख असं सगळं त्या ठिपक्यांत असतं आणि मोडीत दिलेल्या हजार भांड्यांमधून तेच एक भांडं वेगळं उठून दिसतं. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे, बफिंग मशिनवर भांडं देऊ नका. चाकावर दोन मिनिटं धरलं की ठिपके बुजतात, ठोक्याचे माठार सपाट होतात आणि उरतो तो नव्या दुकानातला पिवळा चकचकाट. लोकांना तो आवडतो म्हणतात, पण जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक ठोक्याचे ठसे बघतो. चिंच-मीठ लावा, पाच-दहा मिनिटांत धुवा, लगेच कोरडं करा. पितळ आंबटात रात्रभर ठेवलं तर जस्त निघून जातं आणि गुलाबी डाग पडतात. ते घासून जात नाहीत. काशाला तर पोचा काढायलाही देऊ नका. कासं ठिसूळ असतं, थंड ठोकलं की तडकतं.

विषयांतर झालं, पण अजून एक. अडकित्त्याच्या मुठीत, सोंगट्यांत, फाशांत हस्तिदंत असेल तर ती वस्तू कितीही जुनी असली तरी विकायची नाही. हाडाचं आहे असं लिहूनही नाही.

पॅकिंगबद्दल थोडक्यात, कारण बंबाला नेहमीचं पॅकिंग चालत नाही. बबल रॅपचे थर वाढवून उपयोग नाही. वजन तीन पायांवर येतं, ते पाय बबल रॅप फाडून खोक्याच्या तळाला भिडतात आणि खोका आपटला की पाय टाकीच्या तळातून वर घुसतात. तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. तळाला प्लायचा तुकडा घाला, त्यावर ईपीई फोम (दाबला तरी परत वर येणारा मऊ फोम), आणि फोमला असे खड्डे कापा की भार पायांवर न येता टाकीच्या बुडावर यावा. थर्माकोल नको, एवढ्या वजनाखाली त्याचा चुरा होतो. तोटी आट्यांची असेल तर काढून वेगळी गुंडाळा. झाळलेली (डाख देऊन पक्की जोडलेली) असेल तर तिच्याभोवती पुठ्ठ्याची पेटी करा आणि ती पेटी टाकीला बांधा, म्हणजे धक्का तोटीला न लागता टाकीला लागेल. झाकण आणि जाळी कधीही आत मोकळी टाकू नका, प्रवासात ती आतून टाकी ठोकत राहतात. सात पदरी खोका, प्रत्येक बाजूला किमान पाच सेंटीमीटर फोम. वर्तमानपत्र थेट तांब्याला लावू नका, पावसाळ्यात शाई आणि ओल यांचे डाग बसतात. आधी मलमलचं फडकं, मग बाकी सगळं. परदेशी पाठवताना कच्च्या लाकडाची पेटी असेल तर ती उष्णता-प्रक्रिया केलेली आणि शिक्का मारलेली लागते. प्लायला ती अट नाही.

भाडं आधी काढा, ते नुसत्या वजनावर नाही, खोक्याच्या आकारावरही ठरतं. ४५ × ४५ × ६० सेंटीमीटरच्या खोक्याचं घनफळ ५००० ने भागलं तर २४.३ किलो येतं. बंब साडेसात किलोचा असला तरी भाडं चोवीस किलोचं. काही कंपन्या ४५०० ने भागतात, मग तेच २७ किलो होतं. हे विक्रीच्या किमतीत धरलं नाही तर नफा भाड्यातच जातो आणि मग माणूस विम्याचे पैसे वाचवायला बघतो. तिथे वाचवू नका. बुकिंगवर मालाची जाहीर किंमत खरी लिहा आणि ट्रान्झिट (प्रवासातल्या नुकसानीचा) विमा घ्या, पण घेण्याआधी वापरलेल्या वस्तूला तो लागू आहे का ते विचारा. चिनी मातीच्या बरण्यांना तर बहुतेक ठिकाणी मोडतोडीची भरपाईच नसते. बरण्या शक्यतो त्याच शहरात हातोहात द्या.

आता तुमच्या चालू प्रकरणात काय करायचं. गिऱ्हाइकाला आजच सांगा की खोका, फोम, बंब काहीही टाकू नका. खोक्याच्या सहाही बाजूंचे, लेबलचे आणि उखडलेल्या तोटीच्या जागेचे फोटो मागवा. ओटीपी देताना खोका चेपलेला होता का, आणि तसं कुठे नोंदवलं का, हे त्यांच्याकडून दोन ओळींत लिहून घ्या. पुढच्या वेळी हे आधीच सांगून ठेवा: ओटीपी दिला की कागदोपत्री माल सुस्थितीत मिळाला असं होतं, म्हणून फोटो आधी आणि ओटीपी नंतर. ज्या घरातून बंब घेतलात त्यांच्याकडून आता विक्रीची पुष्टी करणारं पत्र घ्या, त्यावर आजचीच तारीख घाला. मागची तारीख घालू नका, सगळं प्रकरण त्याने बाद होतं. सोबत बँकेची नोंद, तुमच्या विक्रीची पावती, पैसे परत केल्याची नोंद आणि तशाच दोन-तीन बंबांच्या विक्रीच्या जाहिराती जोडा.

माल रस्त्याने गेला असेल तर २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी, तरच पुढे दावा करता येतो. कस्टमर केअरच्या तक्रार क्रमांकावर विसंबू नका, नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर पोचपावतीसह पत्र टाका. बुकिंगच्या वेळी जास्त किंमत नोंदवून जादा आकार भरलेला नसेल तर त्याच कायद्याखाली जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत सीमित राहते. भाडं ९०० असेल तर ९,०००. विमानाने गेला असेल तर नियम वेगळे. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथूनही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. ‘व्यावसायिक कारणासाठी सेवा घेतली’ असा आक्षेप समोरून येईल. हा तुमच्या उदरनिर्वाहाचा स्वयंरोजगार असेल तर तसं तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

जीएसटीचं विचारलंत, त्यावर फक्त एवढंच: विक्री संकेतस्थळामार्फत राज्याबाहेर माल विकत असाल तर नोंदणी लागते, चाळीस लाखांपर्यंतच्या उलाढालीला असलेली सूट तिथे कामाची नाही. जुन्या वस्तूंना नफ्याच्या फरकावर कर भरायची सोय नियम ३२(५) मध्ये आहे, पण खरेदी किंमत दाखवायला तीच पावती लागते. बाकी सीएला विचारा.

बंब परत मागवून घ्या, मोडीत देऊ नका. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पाय सरळ करून तोटी पुन्हा बसवून मिळेल. दुरुस्ती झाली आहे हे जाहिरातीत जोडाच्या फोटोसकट लिहा.