टिग वेल्डिंगने (टंगस्टनच्या टोकावरून निघणाऱ्या विजेच्या झोताने जोडण्याची पद्धत) ॲल्युमिनियमचा पत्रा पोलादाला जोडला, पण जोड थंड झाल्यावर हलक्या ठोक्यानेच तुटला. असे का झाले आणि कोणती पद्धत वापरावी?

वेल्डिंग शिकत असताना मीही असा जोड करून पाहिला होता. तो थंड होता होताच कट्कन उकलला आणि तुटलेल्या जागी करडा, सपाट, काचेसारखा ठिसूळ थर दिसला. आपल्या जोडाचे दुखणेही बहुधा त्या थरातच आहे. पोलाद सुमारे 1500 अंश सेल्सिअसला आणि ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, परंतु अडचण केवळ या तफावतीची नाही. घन ॲल्युमिनियममध्ये लोह जवळजवळ सामावतच नाही, त्यामुळे दोन्ही धातू एकत्र वितळले की त्यांची कठीण पण अत्यंत ठिसूळ संयुगे तयार होतात. त्यात थंड होताना ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसत असल्याने तडा जाण्यास वेळ लागत नाही.

हा थर पूर्णपणे टाळता येत नाही, मात्र तो साधारण 10 मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या) आत राहिला तर जोड भार पेलू शकतो. म्हणून पोलाद वितळू देऊ नये, हे पहिले पथ्य. पातळ पत्र्यासाठी जस्ताचा मुलामा दिलेले पोलाद खाली आणि ॲल्युमिनियम वर ठेवून, कमी उष्णतेच्या मिग यंत्राने (ज्यात भरणाची तार आपोआप पुढे सरकते), 4043 ही सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमची तार वापरून, आर्क म्हणजे विजेचा झोत ॲल्युमिनियमच्या कडेवरच धरावा. वितळलेले ॲल्युमिनियम पोलादावर पसरते, जस्त त्याला पसरायला मदत करते आणि सिलिकॉन त्या थराची वाढ रोखतो. जस्ताचा धूर मात्र अपायकारक असल्याने धूर खेचून घेण्याची सोय हवीच.

1991 मध्ये ब्रिटनमध्ये शोधलेल्या फ्रिक्शन स्टर वेल्डिंगमध्ये धातू न वितळता मऊ होतो. तेथे फिरणारी पिन बहुतांश ॲल्युमिनियममध्ये ठेवून पोलादाला केवळ घासून नेतात. गोल दांड्यांसाठी साधे घर्षण वेल्डिंग, म्हणजे एक दांडा फिरवत दुसऱ्यावर दाबून जोडणे, पुरते.

जाड प्लेटसाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती स्फोटाच्या दाबाने आधीच एकजीव केलेली पोलाद आणि ॲल्युमिनियम अशा दोन धातूंची पट्टी. जहाजाच्या पोलादी डेकवर ॲल्युमिनियमची केबिन हिच्याच आधारे बसवतात: खाली पोलादाला पोलाद, वर ॲल्युमिनियमला ॲल्युमिनियम, म्हणजे दोन्हीकडे नेहमीचेच वेल्डिंग, फक्त मधला सांधा सुमारे 300 अंशांच्या वर तापू द्यायचा नाही.

आपल्याकडे केवळ टिग यंत्र असेल तर मी रिव्हेट किंवा बोल्टच सुचवेन. जोड कोणताही असो, त्यात ओल शिरली की ॲल्युमिनियम झपाट्याने गंजते. त्यामुळे सांध्यावर सीलंट आणि रंग लावावा, आणि बोल्ट वापरल्यास दोन धातूंमध्ये विद्युतरोधक पट्टीही घालावी.